मदत हवी आहे: १२८ एमबीच्या सर्व्हरवर वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे दोन ठिकाणं जोडणारा खासगी बोगदा)

देवगडच्या आंबाबागेतला कॅमेरा मुंबईहून फोनवर बघायचाय. बागेतल्या ब्रॉडबँडला स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) नाही, म्हणून मध्ये दुवा म्हणून स्वस्तातला व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतला: ओपनव्हीझेड (यजमान मशीनचाच कर्नल वापरणारी पद्धत), १२८ एमबी रॅम, आयपीव्ही४ सामायिक, वाट्याला २० पोर्ट. कर्नल मॉड्यूल चढवता येत नाही, त्यामुळे वायरगार्ड-गो (कर्नलबाहेर, साध्या प्रोग्रामसारखं चालणारं वायरगार्ड) टाकलं. टन (TUN) डिव्हाइस, म्हणजे बोगद्यासाठीचं आभासी नेटवर्क कार्ड, पॅनेलमधून चालू केलं, वायरगार्डच्या नेहमीच्या ५१८२० ऐवजी वाट्यातला यूडीपी पोर्ट दिला.

हँडशेक (दोन्ही टोकांची जोडणी) होतो, पिंगही जातो. पण कॅमेऱ्याचं पान नुसतं शीर्षक दाखवून तिथेच अडकतं. रॅम ४० एमबी मोकळी दिसते, तेव्हा दोष तिचा नसावा. फक्त सर्व्हरवर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) १४२० चा १२८० केला, फरक नाही. सर्व्हर बदलणं सध्या परवडणारं नाही, आणि आंबा उतरायच्या आत हे चालायलाच हवं.

फोन, सर्व्हर, बागेतला राउटर, तिन्हीकडे एमटीयू सारखाच ठेवावा लागतो, की राउटरवर एमएसएस (एका टीसीपी पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) कमी केलं तरी पुरतं?