एका घरात दोन बालके : अल्पवयीन मातांच्या आयुष्यात शासनाने किती शिरावे?

धागालेखक : उंबरठा

मूळ मुद्द्याकडे वळण्यापूर्वी एका शब्दाचा निकाल लावतो. मराठीत ‘कुमारी माता’ हा शब्द सर्रास वापरला जातो, पण तो आईचे वय सांगत नाही. तिचे लग्न झालेले नाही एवढेच सांगतो. सोळाव्या वर्षी लग्न होऊन सतराव्या वर्षी आई झालेली मुलगी त्या शब्दात बसत नाही, आणि बहुधा म्हणूनच तिची काळजी कोणाला वाटत नाही. मी बोलतो आहे ते केवळ वयाबद्दल, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी आई झालेल्या मुलींबद्दल.

माझे मत असे आहे की या मुलींच्या आयुष्यात शासनाने हस्तक्षेप करावा, आणि तो ऐच्छिक सल्ल्यापुरता न ठेवता मुलगी सज्ञान होईपर्यंत बंधनकारक असावा. संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार अठरा वर्षांखालील व्यक्तीला सर्वसाधारणपणे बालक मानतो, आणि बाळंतपण झाले म्हणून ते बालपण संपते असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. तेव्हा अशा घरात शासनाच्या जबाबदारीची बालके एक नसून दोन असतात. प्रत्यक्षात मात्र पाळण्यातल्या बाळाची नोंद होते, त्याला लसी मिळतात, आणि त्याच्या आईला मात्र एका रात्रीत मोठी झाल्याचे गृहीत धरले जाते. पंधरा ते एकोणीस या वयोगटातील मुलींच्या मृत्यूच्या जगभरातील प्रमुख कारणांमध्ये गर्भारपण आणि प्रसूतीतील गुंतागुंत येते, हे जागतिक आरोग्य संघटना वारंवार सांगत आली आहे.

हस्तक्षेप म्हणजे मला काय अभिप्रेत आहे तेही सांगतो : गर्भारपणापासून घरी येणारी परिचारिका, शाळेत परतण्याची हमी, शाळेच्या वेळेत बाळासाठी पाळणाघर, आणि थेट मुलीच्या हातात पडणारे पैसे. हे स्वप्नरंजन नव्हे. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७७ मध्ये गृहभेटींचा प्रयोग सुरू केला. त्यात परिचारिका बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत घरी जात असत, आणि पंधरा वर्षांनी पाहणी केली तेव्हा या कुटुंबांत मुलांच्या छळाच्या व हेळसांडीच्या नोंदी लक्षणीय प्रमाणात कमी आढळल्या. इंग्लंडने १९९९ मध्ये राष्ट्रीय धोरण आखले. तेथे अठरा वर्षांखालील गर्भधारणेचे प्रमाण १९९८ मध्ये हजार मुलींमागे सुमारे ४७ होते, ते २०१८ पर्यंत १७ च्या आसपास आले. विरोधी मते अवश्य मांडावीत.

प्रतिसाद : दुसरी बाजू

आपण ‘बंधनकारक’ हा शब्द ज्या सहजतेने लिहिला आहे, त्या सहजतेला माझा पहिला आक्षेप आहे, कारण या शब्दाला इतिहास आहे आणि तो लहानशा थडग्यांनी भरलेला आहे. आयर्लंडमधील माता-बालक गृहांच्या (म्हणजे अविवाहित गर्भवतींना व त्यांच्या बाळांना ठेवण्याच्या संस्थांच्या) चौकशी आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये अहवाल दिला. १९२२ ते १९९८ या काळातील अठरा संस्थांचा त्यात अभ्यास होता, आणि तेथे राहिलेल्या सुमारे ५७,००० मुलांपैकी सुमारे ९,००० मुले दगावली होती. ऑस्ट्रेलियात अविवाहित तरुण मातांची बाळे त्यांच्याकडून दबावाने काढून घेऊन दत्तक दिली गेली, आणि त्याबद्दल पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांना २१ मार्च २०१३ रोजी देशाच्या वतीने माफी मागावी लागली. सिएरा लिओनने २०१५ मध्ये गर्भवती मुलींना शाळेत येण्यास अधिकृत मनाई केली. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या सामायिक न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ती बेकायदा ठरवली, तेव्हा कुठे पुढच्या मार्चमध्ये बंदी उठली. बाळाचे हित, मुलीचे हित, शाळेतील इतर मुलींचे हित, असे कोणाचे ना कोणाचे हित प्रत्येक वेळी पुढे केले गेले होते.

दुसरा आक्षेप आपल्या पुराव्यांना. इंग्लंडचे आकडे गर्भधारणेचे आहेत. मुली आई होऊ नयेत म्हणून लैंगिक शिक्षण आणि गर्भनिरोधके उपलब्ध करून देणे ही एक गोष्ट, आणि आई झालेल्या मुलीच्या घरात जाऊन बसणे ही सर्वस्वी दुसरी गोष्ट आहे. पहिलीचे यश दुसरीच्या खात्यावर जमा करता येणार नाही. ओल्ड्स यांची योजनाही इंग्लंडने २००७ पासून राबवली आणि सुमारे १,६०० तरुण मातांवर तिची काटेकोर चाचणी घेतली. गर्भारपणातील धूम्रपान, बाळाचे वजन, दोन वर्षांत पुन्हा गर्भ राहणे, यांपैकी कशातही नेहमीच्या सेवेपेक्षा फरक पडला नाही.

आणि मुळात ‘लवकर आई झाली म्हणून आयुष्य बिघडले’ हे गृहीतकच तपासून पाहिले पाहिजे. अर्लाइन जेरोनिमस आणि सँडर्स कोरेनमन यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतील बहिणींची तुलना केली, ज्यांतील एक किशोरवयात आई झाली होती आणि दुसरी नंतर. सर्व मुलींची सरसकट तुलना केल्यावर उत्पन्नात जी दरी दिसते, ती एकाच घरात वाढलेल्या बहिणींमध्ये बरीच अरुंद झाली. याचा अर्थ असा की आपण ज्याला मातृत्वाचा परिणाम समजतो, त्यातला मोठा भाग आधीच्या गरिबीचा असतो. गरिबी दूर करणे खर्चाचे असते. मुलीवर देखरेख ठेवणे त्या मानाने स्वस्त पडते, आणि राज्यसंस्थेला ते का आवडते हे समजण्यासाठी फार बुद्धी लागत नाही.

प्रतिसाद : रोखठोक

आपण दोघेही एक साधी गोष्ट टाळत आहात. पैसे, पाळणाघर, परिचारिका हे सगळे आयते मिळू लागले, तर इतर मुलींपर्यंत कोणता संदेश जातो? अमेरिकेने १९९६ च्या कायद्यात अविवाहित अल्पवयीन आईला मदत देताना अट घातली की तिने पालकांच्या किंवा अन्य प्रौढांच्या देखरेखीखाली राहावे आणि शिक्षण चालू ठेवावे. मला ती अट रास्त वाटते. मदत हवी असेल तर शिस्तही स्वीकारावी लागेल.

प्रतिसाद : दुसरी बाजू

@रोखठोक : मलावीतील झोम्बा जिल्ह्यात २००८-०९ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला गेला. काही मुलींना शाळेत नियमित हजर राहण्याच्या अटीवर पैसे दिले गेले, तर काहींना विनाअट. शाळेतील हजेरी आणि शिक्षण यांत अटीवाला गट सरस ठरला, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. परंतु पैसे मुळीच न मिळालेल्या मुलींच्या तुलनेत विनाअट गटात किशोरवयीन गर्भधारणेचे प्रमाण २७ टक्क्यांनी आणि लग्नाचे प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी होते, तर अटीवाल्या गटात तसा फरक पडला नाही. कारण उघड आहे. शाळा सोडलेल्या मुलीची मदत अटीमुळे बंद होते, आणि तिलाच तर तिची सर्वाधिक गरज असते.

उलट धाक दाखवणाऱ्या उपायांचे काय होते, तेही पाहा. ऑस्ट्रेलियात पर्थ येथील शाळांमध्ये मुलींना रडणारी यांत्रिक बाहुली घरी सांभाळायला देत, जेणेकरून मातृत्वाचे ओझे कळून त्या सावध होतील. २०१६ मध्ये चाचणीचा निष्कर्ष आला, तेव्हा बाहुली सांभाळलेल्या गटात विसाव्या वर्षाच्या आत गरोदर राहिलेल्या मुली इतरांहून अधिक निघाल्या.

प्रतिसाद : उंबरठा

@दुसरी बाजू : इंग्लंडच्या आकड्यांची मी सरमिसळ केली, हे मान्य. पण आपण सांगितलेल्या गृहभेटींच्या चाचणीत, ज्यांच्या घरी परिचारिका जात होत्या त्या मुलांचा पुढे मागोवा घेतला असता शाळेत प्रवेश करताना त्यांची तयारी थोडी बरी आढळली, याचा उल्लेख आपण टाळलात. पण फरक लहान आहे, म्हणून त्यावर अडून बसत नाही.

माझी खरी अडचण वेगळी आहे. शासन बाजूला झाले की मुलगी मोकळी होते, असे आपण गृहीत धरता. प्रत्यक्षात तिच्यावर आईवडिलांची, सासरची किंवा बाळाच्या बापाची सत्ता असते. तो बाप अनेकदा तिच्याहून बराच मोठा असतो आणि या संपूर्ण चर्चेत आतापर्यंत कोणालाच त्याची आठवण झालेली नाही (मलाही नाही, हे कबूल करतो). शासनाला निदान न्यायालयात खेचता येते. घराला कोणत्या न्यायालयात खेचणार? आयर्लंडमध्ये त्या मुलींना संस्थेच्या दारात अनेकदा त्यांच्या घरच्यांनीच आणून सोडले होते. ऐच्छिक सेवेत परिचारिकेला दारातूनच ‘आम्हांला गरज नाही’ असे सांगून परत पाठवणारी व्यक्ती क्वचितच ती मुलगी स्वतः असते.

प्रतिसाद : तिसरा महिना

मी अनेक वर्षे प्रसूतीनंतरच्या गृहभेटींचे काम केले आहे, म्हणून दाराच्या दोन्ही बाजूंबद्दल थोडे लिहिते. उंबरठा यांचे शेवटचे वाक्य खरे आहे. दार सासू उघडते किंवा आई उघडते, आणि मुलगी आतून ऐकत असते. पण एकदा एकटी भेटली की बहुतेक मुली पहिल्या अर्ध्या तासात एकच प्रश्न विचारतात : ‘तुम्ही त्या वहीत काय लिहिता?’

आपल्या चर्चेचा सगळा पेच मला त्या वहीत दिसतो. दूध येत नाही हे सांगायला लागणारा विश्वास आणि नवरा हात उगारतो हे सांगायला लागणारा विश्वास एकाच व्यक्तीवर ठेवायचा असतो, आणि त्याच व्यक्तीला वर अहवाल द्यायचा असतो. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा भारतातील २०१२ चा पॉक्सो कायदा घ्या. तो अठरा वर्षांखालील मुलीची संमती मानत नाही आणि गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती कळवण्याचे बंधन घालतो. हेतू निर्विवाद चांगला, पण सतरा वर्षांची मुलगी दवाखान्याची पायरी चढण्यापूर्वी शंभरदा विचार करते. अखेर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. बाळंतपणासाठी आलेल्या मुलीचे काय, हा प्रश्न राहतोच. ज्या मुलीला सर्वांत जास्त लपवायचे असते, ती सर्वांत उशिरा येते, आणि उशिरा येणे म्हणजे काय हे रक्तदाब वाढलेली, पायांना सूज आलेली मुलगी नवव्या महिन्यात पाहिल्यावर कळते.

तेव्हा उंबरठा यांनी मला इतकेच सांगावे की त्यांच्या योजनेत त्या वहीच्या प्रश्नाला मी काय उत्तर द्यायचे.

प्रतिसाद : उंबरठा

@तिसरा महिना : दोन दिवस विचार करून लिहितो आहे. वहीत तीनच गोष्टी लिहिल्या जाव्यात, आणि त्या पहिल्याच भेटीत मुलीला सांगितल्या जाव्यात : बाळाच्या जिवाला असलेला धोका, मुलीवर होत असलेली मारहाण किंवा अत्याचार, आणि तिला शाळेपासून कोणी अडवत असल्यास ते. घराची स्वच्छता, तिची भाषा, तिचे मित्र, तिने बाळाला वरचे दूध कधी सुरू केले, यांतले काहीही नाही. तिला परिचारिका बदलून मागता येईल. मदतीला कोणतीही अट नसेल, येथे मी मलावीचा दाखला स्वीकारतो. भेट मात्र नाकारता येणार नाही, कारण नाकारणारी ती स्वतः आहे याची खात्री भेटल्याशिवाय करता येत नाही.

प्रतिसाद : दुसरी बाजू

पहिली नोंद मला मान्य आहे. दुसऱ्या नोंदीत, पोलिसांकडे कधी आणि कसे जायचे याबाबत मुलीच्या शब्दाला वजन असावे, एवढी दुरुस्ती सुचवतो. तिसरीत कोणी अडवणे आणि मुलीला स्वतःलाच जायचे नसणे यांतला फरक कागदावर टिकत नाही. रकाना एकच असेल आणि त्यात खूण होईल.

भेट नाकारता येणार नाही, या वाक्याबद्दल मात्र आपले मतभेद कायम आहेत. एक भेट, एकटीची, मी मान्य करीन. ती मुलगीच बोलते आहे ना, हे त्या एका भेटीत कळू शकते. पण त्यानंतर तिने नको म्हटले, तर एकोणीस वर्षांच्या आईला जे दार लावून घेता येते ते सतरा वर्षांच्या आईला का लावून घेता येऊ नये? ‘ती अजून बालक आहे’ हे आपले उत्तर असेल, तर उद्या तिच्या बाळावर शस्त्रक्रिया करायची वेळ आल्यास संमतिपत्रावर सही कोणाची घ्यायची, तेही आपण आपल्या योजनेत लिहावे.