जूनटीन्थच्या कार्यक्रमात आपल्या मंडळाने ढोल-ताशा न्यावा का?

प्रश्न — केटीकर

नमस्कार. आम्ही गेली नऊ वर्षे ह्यूस्टनच्या पश्चिमेकडील केटी या गावी राहतो. आमच्या शेजारी एक आफ्रिकन-अमेरिकन बाई राहतात. त्यांच्या चर्चतर्फे दर १९ जूनला जवळच्या उद्यानात जूनटीन्थ, म्हणजे गुलामगिरीतून झालेल्या मुक्तीचा दिवस, साजरा होतो आणि यंदा त्यांनी आम्हाला सहकुटुंब बोलावले आहे. हे मी आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत सहज सांगितले, तर काही उत्साही सभासदांनी तेथे ढोल-ताशाचे पथक आणि मंडळाचा फलक घेऊन जाण्याचा प्रस्ताव मांडला. उलट एक ज्येष्ठ सभासद म्हणाले की, हा त्यांचा प्रश्न आहे, आपण त्यात पडू नये. मला दोन्ही मते पटत नाहीत, पण का पटत नाहीत हे नीट सांगता येत नाही. अशा कार्यक्रमांना नेमाने जाणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ — जुना ह्यूस्टनकर

आपण जावे, परंतु पथक नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धात राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी केलेली गुलामांच्या मुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ रोजी अमलात आली, तरी जेथे संघराज्याचे, म्हणजे लिंकन यांच्या बाजूचे, सैन्य पोहोचले नव्हते तेथे ती कागदावरच राहिली. आणि टेक्सास तर रणभूमीपासून इतके दूर होते की, इतर राज्यांतील मळेवाले आपल्या गुलामांना घेऊन येथे आश्रयाला येत असत. १९ जून १८६५ रोजी संघराज्याचे जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन बंदरात सामान्य आदेश क्रमांक तीन जारी केला, तेव्हा या राज्यात अडीच लाखांहून अधिक माणसे गुलामगिरीत होती. बातमी उशिरा पोहोचली, असे मुलांना सांगितले जाते, ते मला अपुरे वाटते. उणीव बातमीची नव्हती, ती अमलात आणणाऱ्या सैन्याची होती. पुष्कळ कार्यक्रमांत तो आदेश मोठ्याने वाचून दाखवतात. तो शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐका. आरंभी त्यात मालक आणि गुलाम यांच्या हक्कांची संपूर्ण समता सांगितली आहे, आणि लगेच पुढे मुक्त झालेल्यांनी आहे तेथेच शांतपणे राहून मजुरीवर काम करावे, आळशीपणा खपवून घेतला जाणार नाही, असा दमही भरला आहे.

पुढच्याच वर्षापासून लोक हा दिवस पाळू लागले. ह्यूस्टनमध्ये उत्सवाला हक्काची जागा नव्हती, तेव्हा १८७२ साली रेव्हरंड जॅक येट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जे स्वतः गुलामगिरीतून सुटलेले होते, वर्गणी जमवून दहा एकर जमीन विकत घेतली. थर्ड वॉर्डमधील इमॅन्सिपेशन पार्क ते हेच. जमल्यास त्या दिवसाआधी एकदा मुलांना तेथे नेऊन आणा. ह्यूस्टनचेच आमदार अल एडवर्ड्स यांनी १९७९ साली मांडलेल्या विधेयकामुळे टेक्सासने ही सुट्टी सर्वप्रथम मान्य केली, आणि देशाने ती मान्य करायला १७ जून २०२१ उजाडावे लागले. ज्यांनी पदरमोड करून सणापुरती जमीन घेतली आणि एवढी वर्षे तो सण स्वतःच्या बळावर चालवला, त्यांच्या मांडवात पहिल्याच वर्षी आपला फलक फडकवणे मला शोभत नाही. त्यांनी आपणहून वादन मागितले, तर गोष्ट वेगळी.

उत्तर २ — डॅलसहून

वरील मत मान्य आहे. मात्र ‘हा त्यांचा प्रश्न’ म्हणणाऱ्या सभासदांना थोडा इतिहास सांगितला पाहिजे. १९२३ साली, अमेरिकेत स्थायिक झालेले पंजाबी शीख भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात येथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस गोरा नव्हे, म्हणून नागरिकत्वास पात्र नाही, असा निकाल दिला होता. वंशाच्या आधारे प्रवेश मोजून देणारी पद्धत १९६५ च्या कायद्याने मोडली. त्याच वर्षी मतदान हक्काचा कायदा झाला आणि आदल्या वर्षी नागरी हक्कांचा. कृष्णवर्णीयांच्या ज्या नागरी हक्क चळवळीने हे वातावरण घडवले, त्या चळवळीतील माणसांनी कुत्र्यांचे चावे आणि पाण्याचे फवारे सोसले, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांच्या कुटुंबांनी अमेरिका नकाशातही पाहिली नव्हती.

शिवाय नाते त्याहून जुने आहे. इमॅन्सिपेशन पार्कची जमीन घेतली गेली त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. आपल्या मंडळाने त्या मंचावर हे सांगितले, तर ऐकणाऱ्यांना आनंदच होईल.

उत्तर ३ — न्यू जर्सीकर

येथे मला विरोध नोंदवायचा आहे. अर्पणपत्रिकेचा पूर्वार्धच सांगण्याची आपल्याला सवय आहे. उत्तरार्धात जोतीरावांनी अशी आशा व्यक्त केली आहे की, आपल्या देशबांधवांनी हाच कित्ता गिरवून शूद्र बांधवांना ब्राह्मणांच्या दास्यातून मुक्त करावे. २०२३ च्या फेब्रुवारीत सिॲटल शहराने जातीवरून होणाऱ्या भेदभावावर बंदी घातली, तेव्हा विरोध करणाऱ्यांत भारतीय वंशाच्या लोकांच्याच संघटना होत्या. तेव्हा फुल्यांचे नाव घ्यायचे असेल तर ते पूर्ण घ्यावे, आणि आधी आपल्या मंडळात घ्यावे. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत आणि नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले, ते कृष्णवर्णीयांतर्फे संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाची प्रत मागण्यासाठी, आपल्या लोकांसाठी त्यातून काही शिकता यावे म्हणून. तेथे आपण श्रोते म्हणून गेलो, तर काही बिघडत नाही.

उत्तर ४ — पेअरलँडची गृहिणी

वरच्या चर्चेत स्वयंपाकघर राहिले, म्हणून थोडे लिहिते. या दिवशी लाल रंगाच्या पदार्थांना मान असतो. सांडलेल्या रक्ताची ती आठवण आहे, असे तेथील आजी सांगतात, आणि त्याची मुळे पश्चिम आफ्रिकेपर्यंत जातात, असेही मानले जाते. त्यांच्याकडे लाल अंबाडीच्या बोंडांचे सरबत करतात. मी गेली तीन वर्षे कोकम सरबत नेते आणि रिकामे भांडे घेऊन परत येते. कलिंगड त्यांच्याकडे असतेच, पण आपण ते हौसेने नेऊ नये, कारण कृष्णवर्णीयांची टवाळी करणाऱ्या जुन्या चित्रांमध्ये ते फळ फार वापरले गेले आहे. काय आणू, असे शेजारणीला आधी विचारणे सर्वांत बरे. आणि जूनमधील ऊन विसरू नका. टोप्या, पाणी आणि ज्येष्ठांसाठी घडीच्या खुर्च्या हव्यातच.

केटीकर

सर्वांचे आभार. काल शेजारच्या बाईंना थेट विचारले. वादनाची मंडळी त्यांनी आधीच ठरवली आहेत. त्यांना हवे आहेत सकाळी सात वाजता मांडव उभारायला आणि दुपारी खुर्च्या आवरायला हात. आमच्याकडून सहा जणांची नावे दिली आहेत, त्यात पथकाचे दोघे आहेत आणि, आश्चर्य म्हणजे, ते ज्येष्ठ सभासदही. ढोल गणपतीपर्यंत कपाटातच राहतील. जुलैच्या बैठकीत अर्पणपत्रिका वाचण्याचा विषय मी घातला आहे. पूर्ण वाचावी की नाही यावर आत्ताच दोन फोन येऊन गेले आहेत, तेव्हा न्यू जर्सीकरांनी त्या दिवशी ऑनलाइन उपस्थित राहता येईल का, ते कृपया कळवावे.