कॅनिबस वि. डिझॅस्टर: मोठं नाव बॅटलमध्ये कामाला येतं का?

रात्रपाळी (धागाकर्ता):
जून २०१२, लॉस एंजलिस. कॅनडाच्या 'किंग ऑफ द डॉट' या बॅटल रॅप (दोन रॅपर समोरासमोर उभे राहून यमकांतून एकमेकांची खेचतात तो प्रकार) लीगच्या कार्यक्रमात एका बाजूला कॅनिबस, समोर डिझॅस्टर. कॅनिबस म्हणजे १९९८ मध्ये खुद्द एलएल कूल जे या बड्या रॅपरला अंगावर घेतलेला गडी. डिझॅस्टर वयाने जवळजवळ दहा वर्षांनी लहान, आणि रेकॉर्डच्या बाजारात त्याला फारसं कोणी विचारत नव्हतं. तिसऱ्या फेरीत कॅनिबसने हार मानली, वही बाहेर काढली आणि सरळ त्यातलं वाचायला लागला. तीस पानं लिहून आणली आहेत म्हणे! त्या वहीवर नेटवर पुढे किती विनोद झाले त्याला गणती नाही.

'नवख्याने ज्येष्ठाला लोळवलं' असं जो तो म्हणतो. मला ते पटत नाही. त्या रात्री नवखा होता तो कॅनिबस. या प्रकारात बीट नसतो. हातभर अंतरावर प्रतिस्पर्धी, प्रत्येकी तीन फेऱ्या, आणि लिहिलेलं सगळं तोंडपाठ हवं. शब्द आठवला नाही तर आड लपायला संगीतही नाही. डिझॅस्टर 'ग्राइंड टाइम' या जुन्या अमेरिकन बॅटल लीगच्या दिवसांपासून हेच करत आला होता. कॅनिबसची हयात स्टुडिओत गेलेली.

कोथरूडकर:
साफ असहमत. रॅपचा गाभा लेखन आहे, पाठांतर नव्हे. कॅनिबसचा २००३ चा 'रिप द जॅकर' अल्बम ऐका. लांबच लांब ओळी, विज्ञानातले शब्द, यमकात यमक. हे उभ्याउभ्या ऐकून टाळी द्यायचं काम नाही, दोन-तीनदा मागे जाऊन ऐकावं लागतं. बॅटलच्या प्रेक्षकाला चार ओळींमागे एक पंच, म्हणजे झोंबणारी ओळ, हवा आणि मग ओरडायला जागा हवी. माणसाने वही काढली म्हणजे तो कवी म्हणून हरला असं कुठे ठरलंय?

कुडाळचो:
वहीचं म्हणाल तर आमच्या डबलबारीत बुवांच्या पुढ्यात वही असली तरी कोणाला काही वाटत नाही. दोन भजनी बुवा, रात्रभर एकमेकांना चिमटे. म्हातारा बुवा आणि पोरगेला बुवा अशी बारी लागली की गर्दी विचारू नका. तिथे लोक म्हाताऱ्याला सांभाळून घेतात, हे मात्र खरं. त्या अमेरिकन मंडळींना तेवढी माया नसावी.

रात्रपाळी:
कुडाळचो, बुवांच्या हाताखाली पेटी असते, पखवाज असतो, मागे कोरस झील धरतो. तेवढ्यात पान उलटून होतं. इथे दोन ओळींमध्ये पान उलटलंत तर समोरचा हसतो आणि ते हसूच त्याचा पंच होऊन जातं. आणि कोथरूडकर, लेखन मोठं आहे हे मान्य, पण तो तिथे आला कशाला? नियम त्याला माहीत होते.

सायनचा_सुन्या:
एक गोष्ट कोणी बोललं नाही. १९९७ मध्ये एलएलने आपल्या '४, ३, २, १' या गाण्यात कॅनिबसला बोलावलं. एलएलच्या दंडावर माइक गोंदवलेला. पोराने आपल्या कडव्यात टाकलं, तो दंडावरचा माइक जरा उसना दे की! एलएल चिडला, ओळ बदलायला लावली. पोराने बदलली. एलएलने मात्र त्याला उत्तर म्हणून लिहिलेलं आपलं कडवं तसंच ठेवलं! मग कॅनिबसने माइक टायसनला सोबत घेऊन 'सेकंड राउंड के.ओ.' काढलं आणि एलएलने 'द रिपर स्ट्राइक्स बॅक'ने उलट वार केला. ओळीला ओळ लावली तर पोराची बाजू जड होती, असं माझं मत. पण १९९८ लाच आलेल्या कॅनिबसच्या पहिल्या अल्बमने लोकांची निराशा केली आणि एलएल होता तिथेच राहिला. १९८५ पासून जमवलेला श्रोता त्याच्या पाठीशी होता. म्हणजे मोठं नाव कामाला येतं, फक्त भांडण रेकॉर्डवर हवं. आपल्याकडे २०१८ ला एमीवे आणि रफ्तार या रॅपरांचं भांडण झालं तेही गाण्यांवरच, समोरासमोर कोणी उभं राहिलं नाही.

सुमेधा_ठाणे:
सुन्या, भारी. पण ज्येष्ठ माणूस समोरासमोर हरतोच असं कोणी समजू नका. त्याच २०१२ मध्ये न्यू यॉर्कच्या 'यूआरएल' लीगमध्ये लोडेड लक्स आणि डेट्रॉइटचा कॅलिको भिडले. लक्स जुना, मध्ये बरीच वर्षं बाजूला राहिलेला. कॅलिको तेव्हा जोरात होता. लक्सने त्याला शांतपणे, एखाद्या शिक्षकासारखं हजेरीला उभं केलं. बहुतेक सगळ्यांनी लक्सलाच जिंकवलं. उतावीळपणा नाही, आरडाओरडा नाही. थांबायचं कुठे ते त्याला कळतं, आणि ते वयानेच येतं.

कोथरूडकर:
वयाने येतं तसं वयाने जातंही. आव्हान देणाऱ्याचं गमावण्यासारखं काही नसतं हा मुद्दा राहतोच. ज्येष्ठाचे पडलेले अल्बम, जुनी भांडणं, सगळं जगजाहीर. कॅनिबस तर २००२ मध्ये सैन्यातही जाऊन आला, म्हणजे विरोधकाला आयताच मसाला. कॅनिबसने डिझॅस्टरबद्दल काय शोधायचं? ही कुस्ती बरोबरीची नव्हतीच.

रात्रपाळी:
शोधायचं की! डिझॅस्टरच्या ढीगभर बॅटल यूट्यूबवर पडल्या होत्या. त्याच्या लकबी, कुठे घसा ताणतो, कोणता पंच परत परत वापरतो, हाच अभ्यास असतो. लक्स कॅलिकोचा असाच अभ्यास करून आला होता. तीस पानांपैकी डिझॅस्टरवर नेमकं बेतलेलं एक पान पाठ असतं, तरी हा धागा निघाला नसता.

कोथरूडकर:
लक्सबद्दल सहमत. वहीबद्दल अजूनही नाही.