दहावीच्या आधीच्या सुट्टीत सायन्सचा समर कॅम्प करावा का? (मुंबई)

मुलुंडकर:
मुलीची नववी नुकतीच झाली, स्टेट बोर्ड. पवईला एका खाजगी संस्थेचा तीन आठवड्यांचा उन्हाळी विज्ञान कार्यक्रम आहे. फी ४८ हजार. माहितीपत्रकात 'शास्त्रज्ञांचं मार्गदर्शन', 'स्वतःचा संशोधन प्रकल्प' आणि शेवटी प्रमाणपत्र असं आहे. त्याच दिवसांत क्लासची दहावीची व्हेकेशन बॅच. घरच्यांचं म्हणणं, बॅच बुडवायची नाही. लेकीला मात्र मनापासून जायचंय. गेला पावसाळाभर तिने गॅलरीत कापलेली बिसलेरीची बाटली ठेवून पाऊस मोजला. रोज संध्याकाळी वहीत आकडा लिहायची आणि पेपरातल्या हवामान खात्याच्या कुलाबा-सांताक्रूझ केंद्रांच्या आकड्यांशी ताडून बघायची. जुळत नाही म्हणून चिडायची. अशा मुलीला पाठवावं की नाही? अनुभव असेल तर सांगा.

भांडुपकर:
ताई, आमच्या मुलाला अशाच एका ठिकाणी पाठवलं होतं, नाव घेत नाही. रोज एक किट. सूचनांचा कागद समोर ठेवून सगळ्यांनी तेच जोडायचं, सगळ्यांचा दिवा पेटायचा. 'माझा पेटला नाही तर का नाही पेटला,' असं विचारायची वेळच कुणावर आली नाही. शेवटच्या दिवशी स्टेजवर फोटो आणि प्रमाणपत्र. मुलगा खूश होता, खोटं कशाला बोलू. पण तो जे करून आला त्याला प्रकल्प म्हणवत नाही.

परिघ:
प्रमाणपत्रासाठी पाठवत असाल तर नको. अकरावीची यादी दहावीच्या गुणांवर लागते. सीईटी आणि जेईईच्या प्रवेशात अशा कागदाला जागाच नाही. परदेशाचा विचार असेल तरी हेच. १९८४ ला सुरू झालेली आणि आता अमेरिकेतल्या एमआयटीत होणारी रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट ही शाळकरी मुलांची उन्हाळी कार्यशाळा सहा आठवड्यांची आहे आणि तिथे शिकवण्याची फी घेत नाहीत. तिचं वजन आहे ते निवड अतिशय कडक असते म्हणून. पैसे भरले की कुणालाही मिळतो, असा प्रवेश वेगळा.

प्रयोगवही:
मी शाळेत विज्ञान शिकवते, निवृत्तीला आले आहे. तुमच्या पोस्टमधल्या बाटलीवरच अडकले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा असतो. ती संध्याकाळी मोजते, म्हणजे तिचा दिवस आणि त्यांचा दिवस एक नाही. दुसरं, बिसलेरीच्या बाटलीचा तळ खोबणीचा असतो, तिथले पहिले काही मिलिमीटर फसवे. तळात खडे घालून वर सपाट रेघेपर्यंत पाणी भरायचं आणि ती रेघ शून्य धरायची. तिसरं, गॅलरीवर वरच्या मजल्याची सावली पडते, पाऊस तिरका आला तर अर्धा बाहेरच जातो. सोसायटीची परवानगी काढून बाटली गच्चीवर मधोमध ठेवा.

एवढं करूनही आकडे जुळणार नाहीत, आणि खरी मजा तिथेच आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. एकाच शहरात, एकाच दिवशी! मग डोंगराला लागून असलेल्या मुलुंडने या दोघांशी का जुळावं? पालिकेची पर्जन्यमापक केंद्रं वॉर्डावॉर्डात आहेत, जवळच्या केंद्राच्या आकड्यांशी तिने ताडून बघावं.

आता कार्यक्रमाविषयी. फोन करून एवढंच विचारा: रोज वर्गात प्रत्यक्ष कोण उभं असतं? त्यांच्या हाताखाली मुलं किती? आणि मागच्या वर्षीच्या एखाद्या मुलाची वही बघायला मिळेल का? वहीत खाडाखोड दिसली, फसलेला प्रयोग दिसला, तर ४८ हजारांचा विचार करा. हिचा पावसाचा प्रश्न ऐकून जो माणूस हे वरचं सगळं तिच्याकडूनच काढून घेईल, तो तिथे असेल तर बॅच बुडाली तरी चालेल, असं माझं मत.

निळीशाई:
मी सध्या बीएस्सीला आहे. अकरावीत इन्स्पायरच्या शिबिराला गेले होते. दहावीला वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि सायन्स घेतलेल्या मुलांसाठी केंद्र सरकारचं असतं, पैसे लागत नाहीत. व्याख्यानं काही भारी होती, काही डोक्यावरून गेली. पण रात्री हॉस्टेलवर आम्ही मुली ज्या विषयांवर भांडलो ते वर्गात कधी बोलता आलं नव्हतं, तिथे 'शायनिंग मारते' म्हणायचे. भांडुपकर दादांचं पटतं, पण काकू, तुमच्या मुलीला आसपास असं कुणी नसेल तर तेही धरा हिशेबात.

आणि मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र विसरू नका. ज्युनिअर सायन्स ऑलिम्पियाड दहावीपर्यंतच्या मुलांसाठी असतं, पहिली परीक्षा नोव्हेंबरमध्ये. पुढच्या फेऱ्या पार करणाऱ्यांचं उन्हाळी शिबिर तिथेच होतं. टीआयएफआर या संशोधन संस्थेचा 'चाय अँड व्हाय' हा विज्ञानगप्पांचा कार्यक्रम तर मोफत आहे, थेट शास्त्रज्ञांना प्रश्न विचारता येतात.

परिघ:
ज्यांची मुलं आत्ता आठवीत आहेत त्यांच्यासाठी: इस्रोचं 'युविका' शिबिर २०१९ ला सुरू झालं, नववीच्या मुलांसाठी, साधारण मे महिन्यात, राहण्या-जेवण्यासकट मोफत. ग्रामीण शाळांना जास्तीचे गुण असतात, त्यामुळे मुंबईकरांना चुरस जास्त. पण अर्ज जरूर करा, वर्ष संपत आलं की लक्ष ठेवा.

मुलुंडकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. बाईंनी सांगितलेले प्रश्न आज फोनवर विचारले. एका बॅचला चाळीस मुलं, शिकवणारे बहुतेक कॉलेजचे विद्यार्थी, शास्त्रज्ञ एक दिवस येऊन व्याख्यान देणार. मागच्या वर्षीची वही नाही, फोटो पाठवतो म्हणाले. लेकीला नाही पाठवणार आता. ती हिरमुसली, पण साडेआठचं वाचून वही घेऊन बसली आणि मागच्या जुलैचे आकडे पुन्हा मांडायला लागली. क्लासची बॅच लावतोय, रविवार मोकळे ठेवून. नोव्हेंबरच्या परीक्षेचं शाळेत विचारते. सेक्रेटरींकडे गच्चीची किल्ली मागितली आहे. बाई, बाटलीऐवजी स्टीलचा सरळ डबा चालेल का?

प्रयोगवही:
चालेल, तोंड आणि तळ एकाच मापाचा हवा. पट्टी आतून उभी धरून वाचायची. मे संपायच्या आत बसवून टाका.