हनुक्का: तुमच्याकडे कसा असतो?

ज्यू पंचांगातल्या किस्लेव महिन्याची २५ तारीख, म्हणजे हनुक्काची सुरुवात, जवळ आलीय. हा सण ज्यांनी घरात किंवा शेजारी पाहिलाय, त्यांनी लिहा. 'ज्यूंची दिवाळी' म्हणून दोन ओळींत गुंडाळू नका प्लीज.

ठाणे
आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. परंपरा अशी सांगते, की आमचे पूर्वज मक्काबींच्या (ज्यांच्या विजयाची आठवण म्हणजे हनुक्का, त्या ज्यू बंडखोरांच्या) लढाईआधीच इस्राएलकडून निघाले आणि कोकणात नौगावच्या किनाऱ्याला लागले. त्यामुळे शब्बाथ (शनिवारची विश्रांती), सुंता पाळली, पण हनुक्का ठाऊकच नव्हता. तो खूप नंतर कोचीनच्या आणि बगदादी ज्यूंकडून आला. आमची आजी दिवे लावायची, पण तिचा जीव एलियाहू हन्नाबीच्या (प्रेषित एलियाच्या) नावाने करायच्या मलिद्यात! पोहे, गूळ, खोबरं, फळं.

अश्दोद
सासरची मंडळी मूळची पनवेलकडची. हनुक्कियात, म्हणजे हनुक्काच्या दीपदानात, आठ मेणबत्त्या आणि पेटवायला वेगळी शमाश. पहिल्या संध्याकाळी एक, मग रोज एक जास्त. ठेवायच्या उजवीकडून, पेटवायच्या मात्र डावीकडून, नवी आधी. आठ दिवसांत रोजची शमाश धरून ४४ लागतात आणि पाकिटात नेमक्या तेवढ्याच असतात, त्यामुळे पोरांनी एखादी मोडली की सासूबाईंचा पारा चढतो. या उजेडाचा कामाला उपयोग करायचा नाही. मेणबत्त्या जळताना बायकांनी काम करायचं नाही, हा नियम तर मला फारच आवडतो. बेकऱ्यांत जॅमच्या सुफगानियोतचे (तळलेल्या डोनट्सचे) ढीग असतात, पण आमच्याकडे बटाटेवडे. तेलात तळलेलं हवं, बास. वडे आधीच तळून ठेवतो.

पुणे
कामानिमित्त जेरुसलेमला राहिलो होतो. जुन्या वस्त्यांत दाराबाहेर काचेच्या पेटीत तेलाचे दिवे ठेवतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावेत म्हणून. एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण मक्काबींच्या ग्रंथांत ती नाहीच. ती येते तलमूद या ज्यू धर्मग्रंथात, कैक शतकांनी. मक्काबींच्या ग्रंथांत आहे ती ग्रीक राजा अँटिओकस चौथ्याने शब्बाथ आणि सुंतेवर घातलेली बंदी, बंड, आणि इ.स.पू. १६४ मध्ये जेरुसलेमच्या मंदिराचं शुद्धीकरण. मला स्वतःला तेलापेक्षा हाच भाग भारी वाटतो. घरमालकांना तसं म्हटलं, तर म्हणाले, "लढाया काय, सगळेच जिंकतात."

न्यू जर्सी
आम्ही फक्त शेजाऱ्यांकडे भोवरा खेळायला जातो. भोवऱ्यावरचं 'गिमेल' हे हिब्रू अक्षर वर पडलं की मधली सगळी चॉकलेटची नाणी आपली. लेक नेहमी जिंकून येते, नाणी मात्र घरी पोचत नाहीत.