कप काठोकाठ भरतो अन् बशीत कॉफी सांडायलीय, नेमकं काय चुकतंय?

गोदाकाठ (गंगाखेड)
नमस्कार मंडळी. रविवारी घरी साखरपुड्याची बैठक आहे, ४० माणसं धरलीत. स्वयंपाकघर खाली, बैठक माडीवर, मधे १४ पायऱ्या. कप चिनी मातीचे, बूड गोलसर, वरचा भाग सरळ. तोंड आतून ७ सेंटीमीटर. काठोकाठ पाणी भरून मोजलं तर १७० मिली बसलं. कॉफी दुधाची, साखर पातेल्यातच घातलेली, कपावर गाळणी धरून ओततो.

अडचणी तीन आहेत. एक, कितीही सांभाळून ओतलं तरी कप वरपर्यंत भरतो. दोन, पातेल्याच्या बाहेरून ओघळ येऊन ट्रे खराब होतो. तीन, नीट भरलेले कपही पायऱ्या चढेपर्यंत बशीत सांडतात. कप नेमका किती रिकामा ठेवायचा, अन् ओतायचं कसं? "जरा कमी भरा" एवढंच सांगू नका, माप सांगा.

जुनी केटली (लातूर)
ताई, कपाचं तोंड अन् माप दिलंत ते बरं केलं, अर्धं काम तिथंच झालं.

७ सेंटीमीटर तोंडाच्या कपात वरच्या १ सेंटीमीटरमधे जवळजवळ ३८ मिली मावतं. तुमच्या कपाचं बूड गोल आहे, म्हणजे खाली थोड्याशा कॉफीनंही पातळी भरभर चढते, वर सरळ भागात जरा दमानं. तरी सेकंदाला ४० मिलीची धार धरली तर शेवटचा सेंटीमीटर एका सेकंदात भरतो. "बस" असं मनात येऊन हात मागं घेईपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो. शिवाय हात थांबला तरी हवेतली धार अन् काठावरची कॉफी येतेच. म्हणून डोळ्यानं काठ बघत ओतणाऱ्याचा कप नेहमी जास्तच भरणार. त्यात हाताचा दोष नाही.

पातेलं गच्च भरलेलं असताना तर आणखी वाईट. रुंद तोंडाचं भरलेलं भांडं जरासं कललं की भसकन येतं. पहिले पाच-सहा कप सांडतात अन् पातेलं अर्ध्यावर आलं की हात बसतो, ते ह्याचमुळं.

उपाय ओगराळं. घरातलं ओगराळं पाण्यानं भरा अन् औषधाच्या मापात किंवा वजनकाट्यावर मोजा (१ मिली पाणी म्हणजे १ ग्रॅम). ६० मिलीचं निघालं तर दर कपाला दोन ओगराळी, म्हणजे १२० मिली. तुमच्या कपात वर ५० मिली जागा उरते, उंचीनं १३ मिलीमीटर. माडीवर न्यायचं असेल तर एवढी जागा हवीच. जागेवर बसल्या माणसाला द्यायचा असेल तर ८-९ मिलीमीटर पुरे. ओगराळं ७५ चं निघालं तर दोन घालू नका, कप १५० वर जाईल अन् वर जेमतेम अर्धा सेंटीमीटर राहील. तेव्हा दुसऱ्या वेळी ओगराळं अर्ध्याहून थोडंच जास्त भरा किंवा लहान ओगराळं शोधा.

ओगराळं पातेल्यातून काढलं की बूड काठाला एकदा टेकवायचं, खालचा थेंब तिथंच पडतो. मग कपाच्या तोंडाजवळ नेऊन आतल्या बाजूला टेकवून ओतायचं. उंचावरून ओतलं की फेस होतो अन् फेस पातळी लपवतो.

४० कपांचे ४.८ लिटर. गाळणीत, भांड्याला, ओगराळ्याला लागून जातं ते धरून सव्वापाच लिटर करा. पातेलं ८ लिटरचं घ्या, दूध उतू जायला वर तिसरा हिस्सा मोकळा लागतो.

सांडशी (जालना)
ओघळाचं मी सांगतो.

धार बारीक अन् हळू असली की कॉफी पातेल्याच्या काठावरून सुटतच नाही, काठाला चिकटून वळसा घेते अन् बाहेरच्या अंगानं खाली येते. काठ जेवढा गोल तेवढा ओघळ जास्त. आपल्याकडच्या पातेल्यांचा काठ बाहेर वळवलेला असतो, हात कापू नये म्हणून. सांडायला तोच कारण. ह्याला इंग्रजीत 'टीपॉट इफेक्ट' म्हणतात, हे नाव मार्कस रायनर ह्या शास्त्रज्ञानं १९५६ मधे दिलं. म्हणजे केटलीवाल्यांनाही हा ताप आहे, फक्त केटलीच्या चोचीचा काठ धारदार असला की धार चटकन तुटते.

म्हणून भीत भीत ओतू नका. पातेलं एकदम ठाम कलवायचं म्हणजे धार काठापासून सुटून पडते, अन् थांबवतानाही झटक्यात सरळ करायचं. रेंगाळलात की ओघळ आलाच. काठ बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसलेला पाहिजे, ओल्या काठावर पुढची धार लगेच चिकटते. काठाच्या खालच्या बाजूला बोटभर जागेत तुपाचं बोट फिरवलं तरी फरक पडतो, तुपावर कॉफी पसरत नाही.

पण तुमचा खरा घोळ गाळणीत आहे. दुधाच्या कॉफीवर साय धरते. ती साय गाळणीच्या जाळीवर बसली की खाली धार बारीक होते अन् वर गाळणी भरत जाते. ओतणाऱ्याला वाटतं कप अजून रिकामाच आहे, तो ओततच राहतो. मग साय सरकते किंवा गाळणी उचलली जाते, अन् वर साठलेली कॉफी एकदम कपात. कप भरलेला असेल तर तेवढी सगळी बशीत. ४० कपांवर ४० वेळा गाळणी धरायचीच कशाला? सगळी कॉफी एकदाच दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या अन् झाकण ठेवा. झाकलं की साय कमी धरते.

हिंदकळ (नांदेड)
आता पायऱ्या.

कपातली कॉफी हलली की ती एका ठरलेल्या वेगानं ह्या काठावरून त्या काठावर जाते-येते, झोक्यासारखी. तो वेग कपाच्या तोंडावर ठरतो. ७ सेंटीमीटर तोंडाच्या कपात ती सेकंदाला साधारण साडेतीन हेलकावे घेते. माणूस चालतो सेकंदाला दीड ते दोन पावलं. पण दर पावलाला हात एकदाच हलत नाही, पाय टेकल्याचा बारीक हिसकाही बसतो, अन् दुप्पट वेगाचे हे हिसके कपाच्या साडेतीनच्या अगदी जवळ येतात. झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिल्यासारखं होतं, दर पावलाला लाट थोडी थोडी वाढते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या हान्स मेयर अन् रूस्लान क्रेचेत्निकोव्ह ह्यांनी २०१२ मधे कप हातात घेऊन चालणाऱ्यांवर हेच मोजलं. कॉफी बहुतेक वेळा सातव्या ते दहाव्या पावलादरम्यान सांडते असं त्यात निघालं. तुमच्या १४ पायऱ्यांचा जिना त्यात पुरता येतो, ताई.

करायचं काय? झपाझप चालत सुटू नका, पहिलं पाऊलच हळू टाका. सुरुवातीचा झटका जेवढा मोठा तेवढी लाट लवकर काठाला येते. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच पुढची पायरी. नजर ट्रेवर ठेवली तर माणूस आपोआप हळू चालतो, पण जिन्यात पायाखाली बघणं जास्त गरजेचं. म्हणून जिन्यात दोघं असू द्या, एक ट्रे धरणारा अन् एक पुढं वाट मोकळी करणारा. तापलेली कॉफी आहे, पोरंसोरं जिन्यातून पळत असतात.

फेसाचा इथं उपयोग होतो. वर बुडबुड्यांचे चार-पाच थर असले तरी हेलकावा बराच दबतो, कारण बुडबुडे कपाच्या भिंतीला घासून लाटेचा जोर खातात. जुनी केटली म्हणतात तसं फेस पातळी लपवतो हे खरं, पण मापून ओतलं असेल तर पातळ फेस राहू द्या, फायद्याचाच आहे.

टपरीवरचा पोऱ्या सहा ग्लास ज्या तारेच्या स्टँडमधे नेतो, वरून कडी धरायची, ते साधं वाटतं पण लई हुशारीचं आहे. स्टँड कडीला लोंबकळतो, म्हणून चालताना तो स्वतःच कलतो अन् ग्लासातली कॉफी ग्लासाच्या मानानं सपाट राहते. घट्ट धरलेल्या ट्रेमधे ट्रे सपाट राहतो अन् कॉफी कलते. तसा स्टँड कुठं मिळाला तर घ्या, फक्त कपबशी त्यात बसत नाही, ग्लासच लागतील.

गोदाकाठ (गंगाखेड)
गाळणीचं तर लक्षातच आलं नव्हतं. उद्या पाण्यावर करून बघते. दोन शंका राहिल्या. १२० मिली भरलं तर आमच्याकडची वडीलधारी मंडळी म्हणतील, "अर्धाच कप दिला का गं?" सोयऱ्यांपुढं ते बरं दिसत नाही. अन् एवढं करूनही एखादा कप काठोकाठ भरलाच तर त्याचं काय करायचं?

उदगीरकर काकू
बाई गं, ही शंका रास्त आहे. आपल्याकडं उणा कप म्हणजे हात आखडला असंच धरतात, माप समजावून सांगायला कोण बसणार. म्हणून मोठ्या कपात कमी देऊ नकोस, कपच लहान घे. ११०-१२० मिलीचे कप मिळतात, तोंड ६ सेंटीमीटरच्या आसपास. त्यात ९० मिली घातली की कप भरलेला दिसतो, अन् तरी वर पाऊण ते एक सेंटीमीटर जागा राहते. वर दुसरा फेरा फिरव. एकच कप गच्च भरून देण्यापेक्षा "अजून घ्या की" म्हणून दुसऱ्यांदा देणं आपल्या रीतीला धरून आहे, अन् दुसरी कॉफी गरमही मिळते. मंडप-भांडीवाल्याकडून कप आणायचे असतील तर आधी एकात पाणी भरून मोजून घे, एकाच ढिगात दोन मापांचे कप निघतात.

साखर पातेल्यात आहे हे चांगलं. वरून घालायला दिली असतीस तर दोन चमचे साखर, म्हणजे १० ग्रॅम, विरघळली की कपात ६ मिली वाढवते, अन् ढवळताना कॉफी कडेनं वर चढते ते वेगळंच. भरलेल्या कपात तेवढंही मावत नाही.

आता भरलेल्या कपाचं. काठाच्या वर दोन मिलीमीटर फुगून थांबलेला कप दिसला तर तो हलवू नको, बशीत ओतायला तर कधीच कलवू नकोस. कॉफी कपाच्या बाहेरून उतरते अन् बुडाच्या कड्यात जाऊन बसते. जेवायच्या मोठ्या चमच्यानं दोन-तीन चमचे काढून घे. चमचा १५ मिलीचा धर, दोन चमच्यांत पातळी ८ मिलीमीटर खाली येते. चमचा आडवा, हळू बुडवायचा. सरळ खुपसला तर चमच्याच्या जागेएवढी कॉफी बाहेर.

बशीत सांडलंच असेल तर तो कप तसाच पाहुण्याच्या हातात देऊ नये. बुडाखाली कॉफीचा पातळ थर आला की कप बशीला धरून बसतो. पाहुणा कप उचलतो, बशीही बोटभर वर येते, मग टक् करून सुटते अन् कपाच्या बुडाचे थेंब थेट शर्टावर नाहीतर पातळाच्या निऱ्यांवर. कप उचल, बूड पूस, बशी पूस. ट्रे वर पोचला की माडीच्या दाराशी हे बघायला एक माणूस अन् दोन कोरडी फडकी ठेवायची. बशीत चौपदरी कागदी रुमालाचा तुकडा ठेवला तरी चालतं, सांडलेलं शोषून घेतो.

कपड्यावर पडलंच तर आधी गार पाणी. गरम पाण्यानं दूध धाग्यात बसतं.

जुनी केटली (लातूर)
हिंदकळ ह्यांचं फेसाचं म्हणणं मान्य. पण जिन्याबद्दल वेगळं सुचवतो. भरलेले कप वर न्यायचेच कशाला? रिकामे कप अन् बशा आधी माडीवर मांडून ठेवा. गाळलेली कॉफी तोटीच्या मोठ्या थर्मासात भरा, आधी दोन-तीन मिनिटं उकळतं पाणी घालून आतून तापवून घ्या, नाहीतर थर्मासच कॉफीची उष्णता पितो. झाकण घट्ट लावून वर न्या अन् तिथंच तोटीनं कप भरा. तोटी पाण्यावर दोनदा उघडून-मिटून बघायची, हात थांबल्यावर किती गळते ते कळतं, तेवढं आधी थांबायचं. पहिला कप मापानं भरा अन् पातळी कुठं येते ते डोळ्यांत ठेवा, पुढचे ३९ त्याच रेघेवर.

थर्मास ५ लिटरचा असेल तर सव्वापाच लिटर एका दमात घालू नका. झाकणाखाली दोन बोटं जागा ठेवा, नाहीतर झाकण फिरवतानाच वरून येईल. उरलेली खाली मंद आचेवर ठेवा, दुसऱ्या फेऱ्याला लागेल.

सांडशी (जालना)
थर्मासात घालायची असेल तर गाळणं आणखीच गरजेचं. साय तोटीत अडकली तर बारीक धार येते, लोक तोटी पूर्ण उघडतात, अन् साय सुटली की कप भरून वाहतो. गाळणी बारीक जाळीची घ्या अन् भरायच्या अगदी आधी गाळा. गाळून दहा मिनिटं उघडी ठेवलीत तर साय परत धरेल.