नेकच्या वरच्या भागात कॉर्ड कशा धरायच्या? सातव्या फ्रेटनंतर सगळंच बेसूर होऊन राहिलं

दुसरी_गिटार

राजेहो, आमच्या ग्रुपात दोन अकूस्टिक गिटार, कीबोर्ड, ढोलक आणि दोन गाणारे आहेत. दोन्ही गिटार पहिल्या तीन फ्रेटांतच (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सी, ए मायनर, एफ, जी वाजवतात. दुसरी गिटार बंद केली तरी कोणाला फरक कळणार नाही, अशी गत आहे. म्हणून मला वर सरकायचं आहे (वर म्हणजे साउंडहोलकडे).

आठव्या फ्रेटवर बार लावून (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी) सी धरली, सहाव्या जाड तारेपासून पहिल्या पातळ तारेपर्यंत फ्रेट ८-१०-१०-९-८-८, तर तीन भानगडी होतात. एक, कीबोर्डच्या डाव्या हातासोबत नुसता गोंगाट होतो. दोन, तिथून एफला जाताना हात इतका दूर उडतो की ठेका सुटतो. तीन, ट्यूनर सगळ्या मोकळ्या तारा बरोबर दाखवतो, पण दहाव्या फ्रेटच्या आसपास कॉर्ड बेसूर लागते. तिसरी तार तर फारच.

गिटार साधी ड्रेडनॉट आहे, कटअवे (वर हात जायला खोक्याला दिलेली खाच) नाही, सॅडलखाली (तारा टेकतात ती हाडाची पट्टी) पिकअप आहे, तारा १२ नंबरच्या. शिकायची सुरुवात कुठून करू? नेटवर पाच आकारांची पद्धत सांगतात, ती पूर्ण पाठ करावी लागेल काय?

---

सा_ग_प

पाच आकार सध्या बाजूला ठेवा. वाईट नाहीत, पण सहा तारांचे पाच आकार पाठ करण्यात सहा महिने जातात आणि शेवटी वाजवायच्या असतात तीनच तारा.

सहा तारा धरायचा नाद सोडा, म्हणजे पहिल्या दोन भानगडी एकदमच मिटतील. खालचे स्वर कीबोर्ड आणि पहिली गिटार देतच आहेत. तुम्ही तिसरी, दुसरी आणि पहिली तार एवढ्याच घ्या. यापुढे आकडे त्याच क्रमाने लिहितो.

मेजर कॉर्ड म्हणजे सा, ग, प. तीन तारांवर हे तीन स्वर तीनच क्रमांनी बसतात. सी कॉर्डसाठी:

५-५-३ : सा ग प
९-८-८ : ग प सा
१२-१३-१२ : प सा ग

यात नवीन काहीच नाही. ९-८-८ म्हणजे तुमच्या आठव्या फ्रेटच्या बार कॉर्डच्या शेवटच्या तीन तारा. ५-५-३ म्हणजे तिसऱ्या फ्रेटवरच्या बार सीच्या शेवटच्या तीन. आणि १२-१३-१२ म्हणजे मोकळी डी कॉर्ड (२-३-२) दहा फ्रेट वर सरकवलेली. आकार हाताला माहीत आहेत, फक्त त्यांच्यातला सा कुठल्या तारेवर आहे ते माहीत नाही. ते तेवढं पक्कं करा: पहिल्या आकारात तिसरीवर, दुसऱ्यात पहिलीवर, तिसऱ्यात दुसरीवर.

आता हात उडण्याचं. पाचव्या फ्रेटच्या आसपास राहून हे वाजवून बघा:

सी ५-५-३
ए मायनर ५-५-५
एफ ५-६-५
जी ४-३-३
परत सी ५-५-३

सीवरून ए मायनरला जाताना फक्त पहिल्या तारेचा स्वर बदलतो. ए मायनरवरून एफला फक्त दुसऱ्या तारेचा. जीवरून सीला येताना पहिली तार तिसऱ्या फ्रेटवर तशीच राहते. अख्ख्या चक्रात हात तीन ते सहा या चार फ्रेटांबाहेर जात नाही.

बोटं: सीला तर्जनी पहिल्या तारेवर, अनामिका तिसरीवर, करंगळी दुसरीवर. ए मायनरला तर्जनी पाचव्या फ्रेटवर तिन्ही तारांवर आडवी. एफला तीच तर्जनी तशीच, फक्त मधलं बोट दुसऱ्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर टेकवायचं. जीला तर्जनी तिसऱ्या फ्रेटवर पहिल्या दोन तारांवर आडवी आणि मधलं बोट तिसऱ्या तारेच्या चौथ्यावर. तिथून सीला तर्जनी उचलायचीच नाही, अनामिका आणि करंगळी पुढे टाकायची. तर्जनी उचलली की हमखास चुकतं.

मेट्रोनोम ६० वर, एका कॉर्डला चार मात्रा. बदल चौथ्या मात्रेनंतर होतो, चौथ्या मात्रेवर नाही. घाई करणारे चौथी मात्रा खातात, आणि ढोलकवाला त्यांच्याकडे बघतो.

---

खोडसाळ_पिक

मायनर पण सांगून टाका की. सोपं आहे, मधल्या तारेवरचं बोट एक फ्रेट मागे घ्या, झाली मायनर.

---

सा_ग_प

नाही भाऊ, ते एकाच आकारात चालतं. मागे घ्यायचा असतो ग, आणि ग दर आकारात वेगळ्या तारेवर असतो.

५-५-३ मध्ये ग दुसऱ्या तारेवर आहे, म्हणून ५-४-३.
९-८-८ मध्ये तिसऱ्या तारेवर, म्हणून ८-८-८.
१२-१३-१२ मध्ये पहिल्या तारेवर, म्हणून १२-१३-११.

तुमच्या नियमाने तिसऱ्या आकाराचं १२-१२-१२ होईल, आणि ती सी मायनर नाही, ई मायनर आहे. दुसऱ्याचं ९-७-८ होईल, ते तर कशातच बसत नाही. म्हणून आकार पाठ करण्याआधी सा आणि ग कुठे आहेत ते बघा म्हणतो.

---

पडदे_आणि_पेच

बेसूर होण्याचं मी सांगतो. कॉर्ड शिकण्याआधी हे तपासा, नाहीतर बरोबर धरलेली कॉर्डही चूक वाटेल आणि दोष बोटांना द्याल.

पहिली तपासणी. बाराव्या फ्रेटच्या अगदी धातूच्या पट्टीवर तारेला बोट नुसतं टेकवून हार्मोनिक (घंटेसारखा स्वर) काढा, ट्यूनर बघा. मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. दोन्ही एकच दाखवायला हवेत. दाबलेला स्वर चढा आला तर कारणं या क्रमाने शोधा: जुन्या तारा, जास्त जोर, उंच ॲक्शन (फ्रेटांपासून तारांची उंची), आणि सगळ्यात शेवटी सॅडल. बरेच जण उलट्या क्रमाने जातात आणि चांगल्या सॅडलची वाट लावतात.

ॲक्शन मोजायला स्टीलची पट्टी घ्या, जिचा शून्य अगदी टोकापासून सुरू होतो ती. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत सहावी तार साधारण २.४ मिमी आणि पहिली १.६ मिमीच्या आसपास असली तर वर वाजवायला त्रास नाही. सहावी ३.५ मिमीवर असेल तर दाबताना तार इतकी ताणली जाते की स्वर चढणारच.

मग नेकचा बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा, चौदाव्या फ्रेटवर सहावी तार दाबा आणि सातव्याजवळ तार व फ्रेट यांच्यातली फट बघा. ०.२ ते ०.३ मिमी ठीक. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करायची सळई), एका वेळी पाव फेरा, पुन्हा ट्यून करायचं, मग पुन्हा मोजायचं. पाना अडकून राहिला, जोर लावावा लागला, तर तिथेच थांबा आणि कारागिराकडे न्या.

नेक ठीक असूनही ॲक्शन उंच असेल तरच सॅडल. बाराव्यावर १ मिमी कमी करायचा असेल तर सॅडल २ मिमी घासावं लागतं. घासायचं खालून, वरून नाही. काचेवर सँडपेपर चिकटवून, पेन्सिलची रेघ मारून, सरळ. तुमच्या सॅडलखाली पिकअप आहे, म्हणून बूड अगदी सपाट राहायला हवं. तिरकं घासलं गेलं तर स्पीकरवर एखादी तार मेल्यासारखी येते, आणि माणूस वायर बदलत बसतो.

आता नागपूरची गोष्ट. मे महिन्यात इथली हवा लाकडातलं पाणी शोषून घेते. गिटारचा वरचा पत्रा (खोक्याची पुढची लाकडी फळी) बसतो, ॲक्शन खाली येते, तारा खरखरतात, फ्रेटांची टोकं बाजूने बोटाला टोचायला लागतात. जुलैत पाऊस लागला की पत्रा फुगतो, ॲक्शन वर. मधल्या काळात घरात कूलर असतो, आणि गिटार नेमकी त्याच्यासमोर स्टँडवर उभी! दिवसभर ओली हवा, कूलर बंद केला की परत कोरडी. ट्यूनिंग एका जागी कसं राहील? केसमध्ये ठेवा, आत छोटं हायग्रोमीटर टाका, ४५ ते ५५ टक्के ओलावा राहील असं बघा. आणि पावसाळ्यात सॅडल घासू नका. जुलैत बरोबर बसवलेलं सॅडल पुढच्या नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हात) खरखरणार, आणि घासलेलं हाड परत वाढत नाही.

तिसऱ्या तारेचं: १२ च्या सेटमध्ये ती गुंडाळीची असते. गुंडाळी फ्रेटांवर घासून झिजते आणि खालून सपाट होते, मग तार वर गेल्यावर सुरात राहत नाही. तारेच्या खालून नख फिरवून बघा, खाचा लागल्या तर सेट बदला. बदलतच असाल तर ११-५२ (थोडा पातळ सेट) घ्या, वर दाबायला सोपं जाईल.

---

दुसरी_गिटार

तपासलं. हार्मोनिक आणि दाबलेला स्वर यांत पाचही तारांवर फारसा फरक नाही, तिसरीवर चढा. नख फिरवलं तर खाचा स्पष्ट लागतात. ॲक्शन २.६ आणि १.८. म्हणजे सेटच बदलायचा तर. आणि हो, गिटार कूलरसमोरच होती.

---

बर्डीवरचा_बेस

कॅपो का लावत नाही कोणी? दुसऱ्या गिटारने पाचव्या फ्रेटवर कॅपो लावून जी, ई मायनर, सी, डी वाजवलं की तेच सी, ए मायनर, एफ, जी. मोकळ्या तारांची खणखण मिळते आणि पाच मिनिटांत काम. तीन तारा दाबलेली कॉर्ड एवढी वाजत नाही.

---

सा_ग_प

कार्यक्रम उद्यावर असेल तर कॅपोच. पण मधल्या गाण्यात पट्टी बदलली की कॅपो काढा-लावा करत बसावं लागतं. दाबलेल्या आकारात मोकळी तार एकही नाही, म्हणून गाणाऱ्याने काळी एक (सी शार्प) मागितली तर सगळं एक फ्रेट पुढे: ६-६-४, ६-६-६, ६-७-६, ५-४-४. काळी दोनला (डी शार्प) सीपासून तीन फ्रेट पुढे. हात तोच.

शिवाय खणखण दर वेळी हवीच असते असं नाही. पहिली गिटार स्ट्रमिंग करत असताना दुसरीने चार मात्रांना एकदाच कॉर्ड सोडून ती वाजत ठेवली, तर गाण्याला जास्त जागा मिळते.

एक राहिलं, उजवा हात. तीन तारा वाजवताना पिक चौथ्या-पाचव्या तारेला लागतोच. डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक किंचित पुढे काढून चौथ्या तारेला नुसतं चिकटवून ठेवा, अंगठा वरून सहावीवर. दाबायचं नाही, टेकवायचं. टेकवताना तर्जनी तिरकी झाली तर तिसरी तार मरते, म्हणून एकेक तार छेडून बघत बसवा.

---

सातवा_स्वर

ज्यांचं तीन तारांचं बसलं त्यांच्यासाठी पुढची पायरी, चार तारा. चौथीपासून पहिलीपर्यंत लिहितो.

सी मेजर सेव्हन म्हणजे सा ग प नी. हे चार स्वर असेच लागून धरायला बोटं फार ताणावी लागतात. म्हणून वरून दुसरा स्वर, म्हणजे प, एक सप्तक खाली टाकायचा: प सा ग नी. ते पडतं ५-५-५-७ वर. याला ड्रॉप टू म्हणतात.

वाजवून बघायला:

डी मायनर सेव्हन ७-७-६-८
जी सेव्हन ५-७-६-७
सी मेजर सेव्हन ५-५-५-७

पहिल्या दोघांत तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेचे स्वर तेच राहतात. पुढच्या बदलात चौथी आणि पहिली तार तशीच राहते, मधल्या दोन खाली उतरतात. बोटं: पहिल्या कॉर्डला चौथ्या तारेपासून मधलं, अनामिका, तर्जनी, करंगळी. दुसरीला तर्जनी, अनामिका, मधलं, करंगळी. अनामिका जागची हलत नाही, तिच्याभोवती बाकीची फिरवा. तिसरीला तर्जनी पाचव्यावर आडवी पाडा, करंगळी सातव्यावरच राहू द्या.

बाराव्याच्या पलीकडे चार बोटांचे आकार नेऊ नका, निदान अकूस्टिकवर. ६४८ मिमी स्केलच्या गिटारला पहिल्या फ्रेटची जागा ३६ मिमी असते, तेराव्याची जेमतेम १८. शेजारी शेजारी दोन बोटं उभीच राहत नाहीत. वर कटअवेही नाही, तळहात चौदाव्याजवळ खोक्याला अडतो.

---

दुसरी_गिटार

नवा सेट टाकला, तिसरी तार सरळ झाली. पाचव्या फ्रेटचं चक्र ६० वर जमून राहिलं. आता एक शेवटचं. आमची गायिका काळी चारमध्ये (जी शार्प) गाते. सीचे आकार आठ फ्रेट पुढे नेले तर १३-१३-११ येतं, आणि हात अडकतो. खाली चार फ्रेट नेले तर पहिली तारच संपते. काय करू?

---

सा_ग_प

तोच आकार ओढत नेऊ नका, दुसऱ्या क्रमापासून सुरू करा. काळी चारचा सा पहिल्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर आहे, म्हणजे ग प सा घ्या:

जी शार्प ५-४-४
एफ मायनर ५-६-४
सी शार्प ६-६-४
डी शार्प ३-४-३
परत ५-४-४

पहिल्या बदलात फक्त दुसरी तार हलते, दुसऱ्यात फक्त तिसरी. शेवटी परत येताना दुसरी तार चौथ्या फ्रेटवर तशीच.

बोटांची एक गोम आहे. एफ मायनरला दुसऱ्या तारेच्या सहाव्यावर अनामिका ठेवायचा मोह होतो. करंगळी ठेवा. कारण पुढच्या कॉर्डला तिसऱ्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर बोट लागणार, आणि अनामिका मोकळी असेल तरच ते वेळेवर पोचतं. तर्जनी या तीन कॉर्डभर चौथ्यावर आडवीच. डी शार्पला तेवढी तिसऱ्यावर घ्या आणि मधलं बोट दुसऱ्या तारेच्या चौथ्यावर.